दारातला टिळेवाला

आनंदराजनं बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून तो उभा राहिला.

नांदेडच्या लातूर फाट्याजवळ पत्र्याच्या त्या हॉलमध्ये दर शुक्रवारी येशूची उपास प्रार्थना असते. सकाळपासून कुणाच्या पोटात अन्नाचा कण नसतो. दारावरची जबाबदारी आनंदराजची. येणाऱ्यांचे मोबाइल टोपलीत जमा करायचे आणि अनोळखी पुरुषाला आत सोडायचं नाही. मागं एकदा "आमची मावशी आत हाय" म्हणत काही पोरं घुसली होती. त्यांनी ढोलकी फोडली, बायकांचे व्हिडिओ काढले. नियम तेव्हापासूनचा.

आणि आता समोर उभ्या माणसाच्या कपाळावर ठसठशीत टिळा होता, गळ्यात भगवा शेला, हातात फुगलेली पिशवी.

"केवळाबाईला बलवा. माझी मंडळी हाय ती."

"सभा सुरू आहे काका. सुटल्यावर भेटा."

"सुटंपर्यंत दम न्हाई! सकाळी शुगरचं इंजेक्शन घेतलं अन् न खाताच निघून आली. लोह्याहून फोन करू करू बेजार झालो. उचलतच न्हाई."

केवळाबाईला आनंदराज ओळखत होता. महिनाभर येत होती, शेवटच्या रांगेत बसायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. 'ते पुसल्याशिवाय हिच्या अंगातलं काही जायचं नाही,' असं बायका आपसात म्हणत. तिला साखरेचा आजार असल्याचं मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

"पिशवीत काय आहे?"

माणसानं पिशवी उघडली. फडक्यात भाकरी, वर गुळाचा खडा. खड्याला झेंडूची पाकळी चिकटलेली.

"प्रसाद आहे हा. इथं चालत नाही."

"आरं बाबा, गूळ हाय गूळ! टिळा बघूनच दार उघडतो का तुमचा देव?"

आनंदराज हलला नाही. 'मावशी आत हाय' ही थाप त्यानं एकदा ऐकून घेतली होती.

तेवढ्यात आतली गाणी थांबली. कुणीतरी किंचाळलं. आनंदराजनं खिडकीतून पाहिलं. केवळाबाई मांडी घातल्या जागीच डोलत होती. चेहरा घामानं थबथबलेला, हात थरथरत होते, ओठांतून भलतंच काही बाहेर पडत होतं. भोवतीच्या बायका मागं सरकल्या.

"आलंय तिच्यावर! पास्टर, बघा की!"

उदगीरकडचे पास्टर ईश्वरप्पा धावत आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज चढला. "येशूच्या नावात सांगतो, सोड हिला!" सगळा हॉल त्यांच्यामागं आमेन म्हणू लागला. पास्टर मनापासून प्रार्थना करत होते. केवळाबाई हळूहळू एका अंगावर कलंडली.

"साखर उतरली की तसंच होतंय तिला! तसंच!" टिळेवाल्यानं खिडकीतून बघून दारावर थाप मारली. मग खिशातला फोन काढून पुन्हा तिला लावला.

आनंदराजच्या पायाशी टोपली घुरघुरली.

सकाळपासून एक फोन असाच घुरघुरत होता. त्रास होतो म्हणून त्यानंच तो पालथा घातला होता. आता सुलटा केला. पडद्यावर फोटो: केवळाबाई, आणि तिच्या शेजारी हाच माणूस, असाच टिळा.

आनंदराजनं कडी काढली.

"बाजूला व्हा! पास्टर, हात काढा! तिची साखर उतरलीय!"

"आनंदराज, प्रार्थना चालू..."

"काका नवरा आहेत तिचे!"

टिळेवाले शेषेराव तोवर तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी गूळ नखानं कुरतडून बोटावर घेतला आणि बायकोच्या गालाच्या आत चोळला. पुन्हा घेतला, पुन्हा चोळला. "केवळे, ए केवळे. इकडं बघ." पास्टर ईश्वरप्पांचा हात अजून हवेतच होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला.

केवळाबाईनं बराच वेळ डोळे उघडले नाहीत. आनंदराज पाकळीकडं बघत राहिला. ती भाकरीवर पडली होती.

मग तिचे ओठ हलले. तिनं गूळ चघळला.

"तुमी जेवलात का?" हे तिचे पहिले शब्द.

"तू खा आधी. लई शानी झालीस."

कुणीतरी मागं हसलं आणि हसता हसता रडलं. पास्टर स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आले. "मला वाटलं..." एवढंच म्हणाले. भरल्या उपासाच्या सभेत केवळाबाईनं भिंतीला टेकून भाकरी खाल्ली.

निघताना दवाखान्यात दाखवून येतो म्हणत शेषेरावांनी तिला मोटरसायकलवर बसवलं. आनंदराज टोपलीतला फोन घेऊन मागं आला. तो त्यानं केवळाबाईच्या हातात दिला.

शेषेरावांनी विचारलं, "पुढल्या शुक्रवारी हिला आणू का, नको? ऐकणार तर न्हाई ती. मला मात्र आत बसू द्यावं लागंल. हिच्यावर नजर पाहिजे." त्यांचा हात नकळत कपाळाकडं गेला. "ह्ये पुसून यावं लागंल का?"

"नाही," आनंदराज म्हणाला. "दोघंही या. अन् जेवून या."