पिकलेला आवाज

सकाळपासून तिची पुस्तकातल्या घशाच्या आजारांच्या प्रकरणाशी झटापट चालली होती. परवा डॉक्टरकीची तोंडी परीक्षा. मागच्या खेपेला याच विषयाने तिला घरी बसवलं होतं, त्यामुळे आता प्रत्येक पान ती तीनतीनदा वाचत होती. चार वाजता तिने पुस्तक मिटलं.

"मैदानावर लोकसंगीत आहे. मामा गातोय. तासाभरात येते."

"तिथे प्रवेश फुकट आहे, गुण कुणी फुकट देणार आहे का?" आईने टोमणा मारला आणि लगेच विरघळली. "जा. आवाज कसा लागतो त्याचा, ते येऊन सांग. माझ्या मेल्या गुडघ्यांना आजच मुहूर्त मिळाला."

आईचं माहेर गाणाऱ्यांचं. त्या घरची रीत अशी, की गोड गळ्याची माणसं मागे आणि पुढे उभं राहायचा मान ज्याचा आवाज पिकेल त्याला. पिकेल म्हणजे घोगरा होईल, विहिरीतून ओढून काढल्यासारखा. तो सगळ्यांचा पिकत नसे. आजोबांचा पिकला होता, आणि त्यांच्या त्या अखेरच्या वर्षाच्या गाण्याबद्दल नातेवाईक अजून डोळे पुसत बोलत. मामाने वीस वर्षं मागे उभं राहून री ओढली. यंदा त्याचा पिकला.

ती पोचली तेव्हा तो पुढे उभा होता. पहिल्या गाण्यालाच लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. 'वन्स मोअर' असं सगळ्यांत आधी तीच ओरडली. काय सुंदर गात होता! तिचा ऊर भरून आला.

दुसऱ्या गाण्यात त्याने डावा कान हाताने दाबला. गवई धरतात तसाच. पण ओळ संपली, वाद्यं एकटी वाजू लागली, तरी हात कानावरच राहिला. मग त्याने पाण्याचा घोट घेतला आणि मान वाकडी करून, डोळे मिटून, कसाबसा गिळला. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती ढगळ झाली होती. सकाळी पाठ होत नव्हतं ते पान आता तिला ओळ न ओळ आठवायला लागलं.

मध्यंतरात तिने त्याला मंचामागे गाठलं. "मामा, आवाज कधीपासून असा आहे?"

"झाले की पाच महिने. काय, डॉक्टरीणबाई, पिकला ना?"

तिने न विचारताच त्याच्या मानेला हात लावला. कानाखाली, डावीकडे, सुपारीएवढी गाठ. घट्ट. तो हसायचा थांबला.

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"तिथे काय करतील?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "कदाचित आवाज जाईल. पण तू राहशील."

हातातल्या पेल्यातलं पाणी त्याने मातीत ओतून टाकलं. "वीस वर्षं गं," तो म्हणाला. "आत्ता कुठे पुढे आलोय." बाहेर लोक टाळ्यांचा ठेका धरून त्याला बोलावत होते. पेला तिच्या हातात देऊन तो गेला.

ती पुढचं गाणं ऐकायला थांबली नाही. वाटेत आजोबांचा हिशोब आपोआप जुळत गेला. आवाज पिकला, मग जेवण सुटलं, मग सगळे म्हणाले, गाण्यापुढे माणसाला अन्न गोड लागेनासं झालं. घरादाराने त्यांना हार घातले होते. तिला स्वतःच्या त्या ओरडण्याची शिसारी आली.

आई दारातच वाट बघत बसली होती. "कसा लागला गं आवाज?"

काय सांगायचं ते ती रस्ताभर ठरवत आली होती. तोंडातून एवढंच निघालं, "आई, आजोबांसारखा. अगदी आजोबांसारखा."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "पांग फिटले," ती म्हणाली, आणि मावशीला कळवायला गुडघ्यांची पर्वा न करता फोनकडे धावली.