न झोंबणारी मिरची

त्याला सगळे भट्टी म्हणत. मिरची पिकवून, निवडून, खोक्यांत भरून दूरदूर पाठवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो चव-तपासनीस होता. पांढरा कोट घालून उंच स्टुलावर बसायचं, शेतांवरून आलेल्या मालातली एकेक मिरची चावायची आणि ती किती तिखट ते सांगायचं, एवढंच काम.

नोकरीला लागला तेव्हा पहिल्याच मिरचीने त्याला नळाखाली डोकं घालायला लावलं होतं. दुसऱ्या वर्षी नुसतं नाक वाहिलं. पुढेपुढे नाकही वाहीना. आता तर तो पेपर वाचता वाचता मिरच्या चावायचा आणि वाचण्यात खंड पडायचा नाही. यातून त्याने काढलेला निष्कर्ष साधा होता: आपली जीभ तयार झाली. मिरचीच उतरत चालली असेल, ही शंका त्याला चुकूनही शिवली नाही. आणि का शिवावी? जिना सोपा वाटायला लागला की माणूस आपल्या पायांचं कौतुक करतो, पायऱ्या कोणी काढून नेल्या का हे बघत बसत नाही.

पायऱ्या काढणारे गृहस्थ वरच्या मजल्यावर बसत. त्यांना बियाणेसाहेब म्हणायचे. माणूस सज्जन, हुशार आणि कामाला वाघ. मिरची सरळ हवी, म्हणजे खोक्यात नीट बसते. साल जाड हवी, म्हणजे ट्रकमध्ये दबत नाही. चमक हवी, म्हणजे दुकानातल्या दिव्याखाली गिऱ्हाईक थांबतं. झाडाला फळं भरपूर हवीत आणि सगळी एकदमच पिकायला हवीत. दरवर्षी साहेब या कसोट्यांवर उतरलेल्या झाडांचं बी धरायचे आणि बाकीची उपटून टाकायचे. तिखटपणा त्यांनी मुद्दाम काढला नाही. तो फक्त कोणी मागितला नव्हता. आणि सॉस बनवणाऱ्यांची तर काहीच तक्रार नव्हती. ते मिळमिळीत मिरचीचा लगदा करत आणि वरून पिंपातला तिखट अर्क हवा तेवढा ओतत. रंग मिरचीचा, आग पिंपातली.

इकडे भट्टीची कीर्ती वाढत होती. लग्नाच्या पंगतीत, नातेवाइकांच्या वाढदिवसाला कोणीतरी म्हणायचंच, "अरे, भट्टीला मिरच्या आणा!" तो बाह्या सरसावायचा, बाजारातून आणलेल्या कंपनीच्याच मिरच्या बचकभर खायचा आणि शेवटी ढेकर द्यायचा. भाचरं टाळ्या वाजवायची. बायको तेवढी भिंतीकडे बघायची.

"कौतुक नाही का गं वाटत तुला?" त्याने एकदा विचारलं.

"वाटतं ना. पण परवा मी त्याच मिरच्या भाजीत घातल्या. भाजीला कळलंसुद्धा नाही."

"तुझीही जीभ तयार झाली. माझ्या संगतीने."

बायकोने हात जोडले.

त्या वर्षी बियाणेसाहेबांचं मोठं वाण तयार झालं. वीतभर लांब, आरशासारखं चकचकीत, फ्रीजमध्ये महिनाभर ताठ राहणारं. नाव ठेवलं 'अग्निबाण'. मालाच्या प्रदर्शनात ते मोठ्या खरेदीदारांसमोर आणायचं ठरलं. जाहिरातीच्या बाईंनी कल्पना काढली: स्टेजवर भट्टीने अग्निबाण खायचे, डोक्यावर अग्निशमन दलाचं लाल हेल्मेट घालून. पोस्टर छापली गेली. हेल्मेटखाली दात काढून हसणारा भट्टी आणि त्याच्या तोंडातून निघणाऱ्या ज्वाळा. त्याने एक पोस्टर घरी आणून बैठकीत लावलं.

नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या. त्यांच्या इमारतीची दुरुस्ती चालली होती. सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर तारा जोडायच्या आणि लोकांची भांडणं ऐकायची, यामुळे बोलणं थोडक्यात आणि वर्मावर. सोबत एक बॅग आणि एक चिरलेली प्लास्टिकची बादली. बादलीत मिरचीचं वाळकुडं झाड. बोटाच्या पेराएवढ्या, वाकड्यातिकड्या मिरच्या त्याला लागल्या होत्या.

"याला पाणी घालता की नाही?" भट्टीने विचारलं.

"आठवलं तर घालते."

"आमच्याकडे प्रत्येक रोपाला नळी आहे. खत मोजून, पाणी मोजून. वरून सावलीचं जाळं."

"तेच तर! एवढे लाड केले की ते कशाला कोणावर चिडेल?"

सासूबाईंनी पोस्टर नीट न्याहाळलं. "ज्वाळा चांगल्या काढल्यात," त्या म्हणाल्या. मग जेवायला बसल्या, बादलीतली एक मिरची तोडून ताटाच्या कडेला ठेवली आणि घासागणिक तिचं टोक टोक चावू लागल्या. त्यांचे डोळे भरून आले, चेहरा लाल झाला आणि अंगावरचं ओझं उतरल्यासारखा एक सुस्कारा त्यांनी सोडला.

"एक बघता का, जावईबापू?"

"नको. मी लहान मुलांशी कुस्ती खेळत नाही," भट्टी म्हणाला आणि आपल्याच विनोदावर बराच वेळ हसला.

प्रदर्शनाच्या दिवशी मोठा हॉल माणसांनी भरला होता. एकीकडे एकाच साच्यातून काढल्यासारखे टोमॅटो, दुसरीकडे एकसारखे गोल गरगरीत कोबी. त्या टोमॅटोंची गंमत म्हणजे कोणीतरी हातातून एक पाडला तर तो फुटला नाही, दोनदा उडाला. मधल्या स्टेजवर अग्निबाणांचा ढीग. भट्टी हेल्मेट घालून बसला. पहिल्या रांगेत खरेदीदार, त्यांच्या मागे बायको आणि सासूबाई. ढोल वाजावा तसा कोणीतरी टेबल बडवत होतं.

भट्टीने एक खाल्ली. टाळ्या. दुसरी, तिसरी. निवेदकाचा आवाज चढत गेला, "बघा, बघा, घामाचा थेंब नाही! माणूस आहे की पोलाद?" लोक आ वासून बघत होते. ढीग अर्धा झाला तेव्हा भट्टीने उभं राहून वाकून नमस्कार केला. वाकताना दोन मिरच्या टेबलावरून घरंगळल्या आणि पुढे उभ्या असलेल्या एका लहानग्या पोरीच्या पायाशी गेल्या.

पोरीने एक उचलली, फ्रॉकला पुसली आणि कचाकच खाल्ली. तिची आई किंचाळली. निवेदक गप्प झाला. कोणीतरी पाण्याची बाटली घेऊन धावलं. सगळा हॉल त्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिला.

पोर म्हणाली, "आई, अजून एक काकडी दे ना."

आधी एकच माणूस हसला. मग त्याच्या शेजारचा. मग एका खरेदीदाराने उठून ढिगातली मिरची घेतली, चावली, भुवया उंचावल्या आणि दुसऱ्याकडे दिली. बघता बघता स्टेजभोवती गर्दी झाली. पोरंबाळं, म्हातारीकोतारी, जो तो अग्निबाण खात होता. एक आजोबा तर कवळी काढून खिशात ठेवत म्हणाले, "याला दात कशाला हवेत?" भट्टी हेल्मेट घालून मधोमध उभा. इतकी वर्षं मिरच्या त्याला झोंबल्या नव्हत्या, त्या सगळ्या मिळून आता झोंबल्या.

"थांबा!" तो ओरडला. "माझ्या जिभेवर हसता?" मग तो सासूबाईंकडे वळला. "आई, द्या तुमची ती मिरची! आणलीय ना?"

सासूबाईंच्या पर्समध्ये जेवणाचा डबा होता आणि डब्याच्या झाकणात दोन मिरच्या. "जावईबापू, हात दाखवून अवलक्षण करू नका," त्या म्हणाल्या. "अर्धी घ्या."

भट्टीने दोन्ही घेतल्या आणि एकदम तोंडात टाकल्या.

दोन मिनिटं काही झालं नाही असं तो पुढे सांगायचा, पण बायकोच्या मते त्याचा चेहरा लगेचच बदलला. आधी कान लाल झाले. मग हेल्मेटखालून घाम ओघळला. त्याने निवेदकाला काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर आवाजाऐवजी उचकी आली. दुसरी उचकी. मग तो स्टेजवरून उडी मारून पाण्याच्या शोधात धावला. पाणी मिळालं ते मुख्य पाहुण्यांसाठी ठेवलेल्या फुलदाणीत. फुलं बाजूला करून त्याने फुलदाणी तोंडाला लावली आणि उरलेलं पाणी हेल्मेटमध्ये ओतून त्यात तोंड बुडवलं.

आणि मग जी गर्दी उसळली ती सासूबाईंभोवती. "ही कुठली मिरची?" "कुठे मिळते?" "एक द्या ना बघायला!" डब्याच्या झाकणात आता काही नव्हतं. एका बाईने झाकणच हुंगलं, तिला शिंक आली आणि ती आनंदाने ओरडली, "अगं, हिला वास आहे!"

घरी भट्टी दह्याची वाटी घेऊन बसला. जिभेची आग हळूहळू उतरली आणि मागे एक चव राहिली. किंचित आंबूस, थोडी धुरकट, हिरव्या पानाच्या वासाची. मिरचीला आगीखेरीज चवही असते, हे तो विसरूनच गेला होता. मग उठला आणि भिंतीवरचं पोस्टर काढू लागला.

"राहू दे," बायको म्हणाली. "आज पहिल्यांदाच खरं वाटतंय."

कंपनीत दुसऱ्या दिवशी भट्टीची हजेरी घेतली जाणार हे ठरलेलंच होतं. पण कंपनीचे मालक लोकांना शिव्या देण्यापेक्षा लोकांना काय हवं ते हेरण्यात पटाईत. त्यांच्या सांगण्यावरून बियाणेसाहेब आणि जाहिरातीच्या बाई हार, फळं आणि गोड बोलणं घेऊन भट्टीच्या घरी आले. ती फळंही एकाच साच्यातली होती, सासूबाईंनी ती वासासाठी नाकाशी नेली आणि परत ठेवली.

"तुमच्या झाडाचं बी मिळेल का?" बियाणेसाहेबांनी विचारलं.

"घ्या की. मिरची आहे, मंगळसूत्र नाही." सासूबाईंनी सात-आठ सुकलेल्या मिरच्या कागदात बांधून दिल्या. "पण लाड करू नका."

साहेबांनी मान डोलावली. मनापासून डोलावली. बिचाऱ्यांना सवय मात्र लाडांचीच होती.

पहिल्या वर्षी पीक आलं ते हुबेहूब. पॅकिंगवाले म्हणाले, वाकड्या आहेत, खोक्यात बसत नाहीत. साहेबांनी जरा सरळ केल्या. तोडणारे म्हणाले, एवढ्याएवढ्याशा तोडत बसलो तर हात मोडतील. साहेबांनी जरा लांब केल्या. दुकानदार म्हणाले, चार दिवसांत सुकतात. साल जाड झाली. मग एका गिऱ्हाइकाने कळवलं की मिरची तिखट लागली. या एका तक्रारीवर तीन बैठका झाल्या.

भट्टी दर वेळी चव घेऊन सांगायचा, "साहेब, उतरली." पुढच्या वेळी, "साहेब, आणखी उतरली." शेवटी साहेबांनी त्याला बोलावून समजावलं, "तुझी जीभ त्या अपघातानंतर बिघडलीय. आपण मोजपट्टीच बदलू. पूर्वी जिला फिकी म्हणायचो, तिला आता मध्यम म्हणायचं. मध्यम होती ती जहाल."

"आणि जहाल होती ती?"

"ती आता कुठे आहे?" साहेब निरागसपणे म्हणाले.

नव्या वाणाचं नाव ठेवलं 'सासूबाई'. समारंभाला खुद्द सासूबाईंना बोलावलं. पाकिटावर पदर खोचून डोळे वटारलेल्या एका बाईचं चित्र होतं. सासूबाईंनी जन्मात कधी पदर खोचला नव्हता. त्यांनी स्टेजवर मिरची खाल्ली. सगळी खाल्ली, देठापर्यंत. जाहिरातीच्या बाईंनी माइक पुढे केला, "कशी वाटली?"

"फार गुणी आहे," सासूबाई म्हणाल्या. "उलटून बोलत नाही. तान्ह्या बाळालाही चालेल."

भट्टीने डोळे मिटले. आता काय होतंय ते त्याला बघवेना. पण झालं भलतंच. बाईंनी ते वाक्य तिथल्या तिथे टिपून घेतलं आणि पुढच्या पाकिटांवर ठळक अक्षरांत छापलं: 'खुद्द सासूबाई म्हणतात, तान्ह्या बाळालाही चालेल!' खप दुप्पट झाला. सासूबाईंना कंपनीतून दर महिन्याला एक खोकं यायला लागलं. त्या ते इमारतीखालच्या गायीला घालत. सुरुवातीला गाय खायची.

मिरचीचं काम असं मार्गी लागल्यावर कंपनीने कांदा हाती घेतला. डोळ्यांतून पाणी न काढणारा कांदा. साहेबांनी तो पैदा केला आणि तपासणीसाठी भट्टीला बसवलं. टेबलावर कांद्यांची रास, हातात सुरी, आणि समोर खुर्च्या टाकून दोन अधिकारी, एक त्याच्या डाव्या डोळ्याकडे टक लावून, दुसरा उजव्या.

भट्टी चिरत गेला. एक कांदा, दुसरा, मग अख्खी रास. डोळे कोरडे ठाक. कांद्याला ना वास, ना चरचर. कापूस चिरल्यासारखा आवाज. समोरचे दोघे पुढे झुकून, श्वास रोखून बघताहेत. त्यातल्या एकाने तर भिंगही आणलं होतं. भट्टीने आधी ओठ दाबले. मग खांदे हलायला लागले. शेवटी सुरी खाली ठेवून तो असा हसत सुटला की त्याला थांबता येईना, आणि हसता हसता त्याच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

अधिकारी चपापून उठले. एकाने घाईघाईने बियाणेसाहेबांना फोन लावला.

"साहेब, डोळ्यांतून पाणी! दोन्ही! हो, भरपूर. नाही साहेब, हा कांदा अजून फार जहाल आहे."

सगळा माल परत गेला. आणखी सौम्य करायला.