मेलेल्या नवऱ्याशी लग्न

गिरगावात सोनापूरच्या स्मशानाच्या वाटेवर अप्पांचं दुकान होतं. बांबू, सुतळी, मडकी, पांढरं कापड असं मर्तिकाचं सगळं सामान तिथे मिळे. त्या दुकानातून नेलेली वस्तू कधी परत येत नसे, आणि ज्याच्यासाठी नेली तो माणूस तर नाहीच नाही. सणासुदीला अप्पांचं तोंड दिसू नये म्हणून लोक वाट बदलत, आणि घरात कोणी गेलं की आधी त्यांच्याकडेच धावत.

वरळीच्या कोळीवाड्यातून राधाबाईचा दीर जयवंत असाच धावत आला होता. तिचा नवरा लहू नव्या होडीसाठी डोलकाठी आणायला मलबारकडच्या गलबतावर चढला होता, आणि ते गलबत वादळात फुटलं. कोणी वाचलं नाही, असं बंदरावर सगळे सांगत होते. प्रेत नाही, मग अग्नी द्यायचा कोणाला? अप्पांनी दर्भाचा माणूस बांधून दिला, डोक्याच्या जागी नारळ. राधाबाईने त्या गवताच्या नवऱ्यापुढे बांगड्या फोडल्या, आणि मग तो जाळला.

दहाव्याला अख्खा कोळीवाडा लोटला. लहू किती मोठ्या मनाचा, त्याचा आवाज किती खणखणीत, वारा त्याचं कसं ऐकायचा! लहूने स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं तरी त्याला खरं वाटलं नसतं.

राधाबाई कोपऱ्यात बसून ऐकत होती. नवऱ्याच्या दुःखाने तिचं काळीज फाटलं होतं, तरी त्या कौतुकात तिला दुसरंच काही टोचत राहिलं. सहा वर्षांपूर्वी त्यांची शांती तापाने गेली, नुकती कुठे चालायला लागली होती. एवढ्याशा लेकराला ना दहावा ना तेरावा. लहूने एकट्याने जाऊन तिला पुरलं, घरी आला आणि म्हणाला, "आता तिचं नाव नाय काढायचं." तेव्हापासून ते कोणी काढलं नव्हतं. गवताच्या माणसासाठी एवढं सगळं, आणि माझ्या हाडामांसाच्या पोरीसाठी काहीच नाही, हे राधाबाईच्या मनातून जाईना.

आणि कित्येक महिन्यांनी, ऐन ज्येष्ठात, पाऊस तोंडावर आलेला असताना, लहू कोळीवाड्यात चालत आला!

फुटक्या फळीला धरून तरंगताना त्याला एका अरबी जहाजाने उचललं होतं. मस्कतला हमाली करून तो आगबोटीने परतला होता. दाढी छातीपर्यंत, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पण होता लहूच. बायका किंचाळल्या. एक धट्टाकट्टा गडी हातातलं जाळं टाकून पळाला. राधाबाई मासळीची टोपली टाकून धावली, पण लहू उंबरठ्यावर पाय ठेवणार तोच पाटलाने त्याला धरला.

"थांब रे! तुझे दिवस घातलेत. असा घरात नाय जाता येणार."

अप्पांना बोलावणं गेलं. बांधलं त्यांनी, आता सोडवायचंही त्यांनीच. अप्पा आपल्या ओळखीच्या हेरंबभटांना घेऊनच आले.

"शास्त्रात सोय आहे," भटजी म्हणाले. "याने पुन्हा जन्म घ्यायचा. तूप लावून न्हाण, मग बारसं, आणि शेवटी याच बायकोशी पुन्हा लग्न."

कोळीवाडा हसून हसून लोळला. दाढीवाल्या बाळाला जाळ्याच्या झोळीत घालून जोजवलं, तर झोळी तुटून बाळ दाणकन आपटलं आणि बाळाने सणसणीत शिवी हासडली. जन्मभर मर्तिकं केलेले अप्पा त्या दिवशी गूळखोबरं वाटत फिरले, आणि लोकांनी ते त्यांच्या हातून घेतलं. रात्री मात्र बाळाला घरात जागा नव्हती. ते अर्धवट झालेल्या नव्या होडीखाली झोपायचं.

लग्नाचा मांडवही त्या होडीपाशीच पडला. हेरंबभटांनी विचारलं, "मुलीकडून कोण बोलणार?"

राधाबाईचे बाप आणि भाऊ कधीच गेले होते. पहिल्या लग्नात ती बापाच्या खांद्यावर झोपली होती, तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ती उभी राहिली.

"माझ्याकडून मीच बोलते. माझी एक अट हाय. नव्या होडीचं नाव शांती ठेवायचं."

लहूची मान खाली गेली. पाटील मात्र उसळला.

"मेलेल्या पोरीचं नाव होडीला? अपशकुन हाय! कोण चढंल तिच्यात?"

"का वो पाटील?" राधाबाईचा आवाज चढला. "ह्याला माझ्या डोळ्यांदेखत जाळलाय. त्या मेलेल्या माणसाशी माझं लगीन लावताय, तो शकुन! नि माझ्या लेकीचं नाव तेवढं अपशकुन?"

मागून म्हाताऱ्या कोळणी ओरडल्या, "बरोबर बोलते राधा!" हेरंबभट अंतरपाटाच्या घड्या मोडू लागले, कारण शास्त्रात याला उत्तर नव्हतं.

राधाबाई एकट्या लहूकडे बघत होती. तो नाही म्हणाला असता तर ती माळ खाली ठेवून घरात जाणार होती आणि त्याला उंबरठ्याबाहेरच ठेवणार होती. समुद्राने परत दिलेला नवरा ती पुन्हा गमावायला तयार होती.

"फळीला धरून व्हतो ना," लहू खालीच बघत म्हणाला, "तवा देवाचं नाव आठवंना. तिचंच तोंडात यायचं." मग त्याने मान वर केली. "घाला नाव. मोठ्या अक्षरात घाला!"

पण लिहिणार कोण? अप्पा चाचरत पुढे आले. "अक्षर माझं बरं आहे, राधाबाई. पण हा हात मर्तिकाचा..."

"तोच पायजे," राधाबाई म्हणाली. "त्या हातानं बांधलेला जिता परत आलाय."

अप्पांनी तांबड्या रंगाने नाव घातलं. पहिलं अक्षर जरा वाकडंच आलं. राधाबाईने ते पुसू दिलं नाही.

नारळी पुनवेला होडी पाण्यात लोटायची होती. सगळा कोळीवाडा खांदा लावायला आला, आणि सगळ्यांत पुढे खांदा होता पाटलाचा. लहूने त्या खणखणीत आवाजात आरोळी दिली, "शांती...!" आणि शेकडो गळ्यांनी ती उचलली. सहा वर्षं कोणी उच्चारलं नव्हतं ते नाव किनाराभर दुमदुमलं. होडी वाळूवरून सरकली, पाण्याला लागली, डुलली, आणि तरंगली.

राधाबाई कमरेइतक्या पाण्यात शिरून सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होती, अंगणातून लांब गेलेल्या लेकीला हाक मारावी तशी.