पिवळी रेघ

जग विश्वासावर चालतं. दाजींच्या गॅरेजात मात्र ते नेलपॉलिशवर चालायचं.

पिवळ्या नेलपॉलिशवर. त्या रंगाची नखं मिरवणारी बाई आजवर कोणाच्या पाहण्यात नव्हती, त्यामुळे दुकानात धूळ खात पडलेल्या सगळ्या बाटल्या दाजींनी एकदमच उचलल्या होत्या. नियम साधा होता. एकाने स्क्रू आवळायचा. दुसऱ्याने तो खरंच आवळलाय का ते हत्यार लावून पाहायचं आणि मगच स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर एक बारीक रेघ ओढायची. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ मोडते, लगेच कळतं. ज्याने आवळलं त्याने बाटलीला शिवायचं नाही. एक सैल स्क्रू इंजिनाच्या पोटात गेला तर काय होतं, याचं वर्णन दाजी नव्या गिऱ्हाइकांना इतक्या तपशिलात ऐकवत की माणसं हातातला चहा टाकून निघत.

दुसरा म्हणजे मेहुणा. दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांची भागीदारी, आणि बावीस वर्षांत एकही भांडण नाही. घरात हे पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं जायचं. का नाही, हे विचारण्याइतका आगाऊ पाहुणा कधी आला नव्हता.

सोमवारी सकाळी ग्रंथपालबाई गाडी घेऊन आल्या.

"मिस्त्री, आत बसून कोणीतरी दार वाजवतंय."

"उभ्या गाडीत की चालू गाडीत?"

"दोन्हीत. वेग वाढवला की जास्तच चिडतं."

दाजींनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डॉक्टर करतात तसा चेहरा केला. मग एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहिली. तिसरी काढल्यावर इंजिन जराही अडखळलं नाही. म्हणजे तो सिलिंडर आधीच काम सोडून बसला होता. तिसरा प्लग बाहेर आला तेव्हा त्याची टोकं एकमेकांना चिकटली होती, कोणी हातोडीने ठोकून दिल्यासारखी.

"बंद करा," दाजी म्हणाले. "आता चावी फिरवायची नाही."

प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत गेला. पिस्टनचा माथा खड्ड्यांनी भरला होता. दाजींनी लोहचुंबकाची काडी आत घातली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा टिक असा आवाज आला. काडीच्या टोकाला लोखंडाचा एक बोळा होता. डोकं गेलेलं, आटे गेलेले, पण जातीने स्क्रू.

तीन आठवड्यांपूर्वी याच गाडीची हवेची झडप काढून, धुऊन, परत बसवली होती. झडपेतली गोल चकती दोन बारीक स्क्रूंवर असते, आणि त्यांच्या पलीकडे थेट इंजिनाचा घसा. स्क्रू आवळले होते दाजींनी. रेघ ओढली होती मेहुण्याने.

"इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवावं लागेल," दाजी बाईंना म्हणाले. "चूक आमची आहे. तुमच्याकडून काही घेणार नाही."

बाई गेल्यावर दाजींनी तो बोळा टेबलावर ठेवला. मेहुणा एका चाकाशी खेळत होता. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

"तपासला होतास?"

"रेघ मारली होती ना."

"मी रेघेचं विचारलं नाही."

"दाजी, रेघ मारली म्हणजे..."

"स्क्रूड्रायव्हर लावला होतास का?"

मेहुण्याने चाक ठेवलं. "नाही."

"त्या दिवशी घाई होती?"

"नाही. म्हणजे, त्या दिवशीचं असं काही नाही." तो फडक्याला हात पुसू लागला. हात स्वच्छच होते. "तुम्ही आवळलेलं मी तपासायचं? पहिली चार वर्षं तपासलं. एकदा तरी सैल निघावं! एक नाही निघाला. मग मलाच लाज वाटायला लागली. मोठ्या बहिणीच्या नवऱ्यावर रोज संशय घ्यायचा, तोही हत्यार लावून?"

"म्हणजे अठरा वर्षं तू नुसता रंग फासत होतास."

"रेघ सरळ यायची," मेहुणा म्हणाला. यात अभिमान होता की बचाव, ते त्यालाही ठाऊक नसावं.

दाजी स्टुलावर बसले. अठरा वर्षं त्यांनी प्रत्येक गाडी गॅरेजाबाहेर सोडताना ती पिवळी रेघ पाहून श्वास सोडला होता. त्या रेघेच्या भरवशावर लोक आपली लेकरं मागच्या सीटवर बसवून घाट चढत होते. दाजीही झोपत होते. गाढ.

"आणि तुझं मी काय करायचो माहितीये?" ते म्हणाले. "प्रत्येक स्क्रू. प्रत्येक वेळी. आठवड्याला दोनतीन तरी सैल सापडायचे."

मेहुण्याचा हात थांबला. "माझे?"

"मग काय शेजाऱ्याचे?"

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"काय बोलणार? बायकोचा भाऊ. आवळायचो आणि रेघ ओढायचो."

"बावीस वर्षं?" मेहुण्याचा आवाज चढला. "मी सगळीकडे सांगत फिरतो, दाजींना माझ्या कामात कधी खोट सापडली नाही म्हणून! लग्नाच्या वेळी सासऱ्यांना हेच सांगितलं होतं मी! आणि तुम्ही मागून येऊन गुपचूप आवळत होतात?"

"मी आवळत तरी होतो."

"मला वेड्यात काढत होतात."

"आणि तू गिऱ्हाइकांना मारायला निघाला होतास."

एवढ्या वर्षांची थकबाकी एका दुपारी निघाली. संध्याकाळी घरी बायकोने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि तिसरीच उभी केली. "माझ्या भावाने तुमच्यावर विश्वास ठेवला, हा त्याचा गुन्हा. तुम्ही त्याच्यावर एक दिवसही ठेवला नाहीत, हा तुमचा मोठेपणा. छान!" मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. फार आपटलं नाही. तेच जास्त लागलं.

मंगळवारी हत्यारांची वाटणी झाली. पाने निम्मे निम्मे. कॅमेरा दाजींना, ग्राइंडर मेहुण्याला. जॅकवर त्या वेळी एक गाडी उभी होती, त्यामुळे तो दाजींकडे राहिला. मेहुण्याने भिंतीवरच्या पाटीवरून "आणि मंडळी" एवढेच शब्द पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढले, पेटी उचलली आणि जाताना वळून विचारलं, "बाटली कोण ठेवणार?"

"तूच घेऊन जा. तुलाच सवय आहे."

त्याने नेली नाही.

पुढचे चार दिवस दाजींनी एकट्याने ग्रंथपालबाईंचं हेड उतरवलं, वाकलेला व्हॉल्व्ह बदलला, नवा पिस्टन घातला. प्रत्येक बोल्ट आवळायचा, हात पुसायचे, गाडीला एक फेरी मारून दुसऱ्या बाजूने यायचं आणि परक्याचं काम असल्यासारखा तोच बोल्ट तपासायचा. या फेऱ्यांत गुडघे दुखायला लागले. मेहुण्याचा फोन आला नाही. दाजींनीही केला नाही. घरात जेवण वेळेवर मिळत होतं, बोलणं मिळत नव्हतं.

शनिवारी दुपारी शेवटचं काम उरलं, हवेची झडप. खरं तर ती पहिल्याच दिवशी उघडून पाहायला हवी होती. पण आत काय दिसणार ते दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून कोणी उघडली नव्हती. दाजींनी नवा स्क्रू हाताशी ठेवला आणि झडप बाहेर काढली.

चकतीवर दोन स्क्रू होते. दोन्हींवर सरळ, अखंड पिवळी रेघ. दाजींनी स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला. दोन्ही हलले नाहीत.

मग त्यांनी झडपेच्या तोंडाशी बसणारा हवेच्या फिल्टरचा डबा पाहिला. तो बाईंच्या भावाने गाडी गॅरेजात येण्याच्या आदल्याच दिवशी घरी उघडून झटकला होता, असं नंतर फोनवर कळलं. त्याच्या झाकणाला चार स्क्रू लागतात. तिथे तीन होते.