रावजींचा खाडा

"ताई, एकदा चालंल. दुसऱ्यांदा मला विचारू नका," संगप्पानं टेबलफॅनचं तोंड त्या जुनाट कॉम्प्युटरकडं वळवत बजावलं. "हार्डडिस्क टकटक करायलीय बगा. कॉपी मारायला गेलं की बंद पडतंय. काय बगायचं ते आत्ताच बगून घ्या."

सोनालीनं मान हलवली. शाळेच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून ती नव्या पेठेतल्या ह्या जिन्याखालच्या दुकानात आली होती आणि आईलाही होटगीहून बोलावून घेतलं होतं. सोजरबाई प्लास्टिकच्या खुर्चीच्या टोकावर पिशवी मांडीत घट्ट धरून बसली होती, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी.

"ह्या डबड्यात ह्ये हायत म्हंतीस?"

"गेममध्ये गं आई. तूपण बघायचीस की तेव्हा."

"व्हय, ठावं हाय मला."

ठाऊक असायचंच. सोनाली दहावीला असताना तिच्या वडिलांनी, रावजींनी, कुठूनसा हा सेकंडहँड कॉम्प्युटर रेल्वे क्वार्टरात आणला. त्यात हा एकच गेम धड चालायचा. घर बांधायचं, माणसं ठेवायची, त्यांना वेळेवर खाऊ घालायचं, निजवायचं, कामावर धाडायचं. बस्स. ना मारामारी, ना राक्षस. "हे तर मी दिसभर करतीच की, त्याला मशीन कशाला लागतंय?" असं सोजरबाईनं पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. पोरीनं तिलाही त्या घरात घ्यायचं म्हटलं, तर ती फणकारली, "नगं बाई. एक घर पुरं हाय मला."

मग सोनालीनं त्यात वडिलांना ठेवलं, मिशीसकट, आणि नावही रावजीच दिलं. झाली पंचाईत! लग्नातला उखाणा सोडला तर सोजरबाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. आता पडद्यावरच्या त्या बाहुल्याला हाक कशी मारायची? तिनं सरळ डोक्यावर पदर ओढला आणि म्हणाली, "ह्येंना भूक लागलीया वाटतं, बघ की." रात्री ड्युटीवरून येऊन मागं चहा पीत बसलेले खरे रावजी ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, मी हितं हाय!"

रावजी होटगीला ट्रॅकमन. खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून उन्हातान्हात रुळांवरून चालणं हीच नोकरी. गेममध्ये मात्र पोरीनं त्यांना साहेबाची नोकरी दिलेली. सकाळी दारात मोटार यायची, हॉर्न द्यायची. "च्यायला, मला न्यायला गाडी येती व्हय!" म्हणत रावजी तेवढं बघायला थांबायचे आणि मग हातोडा उचलून पायी निघायचे.

खाडा म्हणून त्या माणसाला माहीत नव्हता. अंगात ताप असो की घरात पाहुणे, ड्युटी म्हणजे ड्युटी. "रिटायर झालो की बसतोच की," हे ठरलेलं उत्तर. सोजरबाईही त्या दिवसाकडं डोळे लावून होती. रिटायरमेंट चार महिन्यांवर आली आणि ड्युटीवरच रावजी छातीला हात लावून रुळाच्या कडेला बसले, ते उठलेच नाहीत. मागं राहिले दोन-तीन फोटो, तेही ओळखपत्रापुरते, ताठ मानेचे. तेव्हा घरात व्हिडिओ काढणारे फोन कुठले? चालणारे, बसणारे रावजी उरले होते ते फक्त ह्या डब्यात. एकदा त्यांना हलताना बघायचं, एवढ्यासाठीच सोनालीनं तो माळ्यावरून उतरवला होता.

"आलं बगा!" संगप्पा बाजूला सरकला.

तेच घर. लाल कौलं, निळा सोफा, स्वयंपाकघराला लागून संडास. पलंगावर मिशीवाले रावजी. ते उठले, आळस दिला, पोट खाजवलं आणि चालत बाहेरच्या खोलीत आले. सोनालीनं डोळे पुसले, संगप्पासमोर लाजलीही नाही.

सोजरबाईचा हात पदराकडं गेला होता. बराच वेळ बघून ती म्हणाली, "चाल न्हाय जमली तुला. ह्ये पाय वाईच फाकवून चालायचं." मग हळूच, "मी कुटंच न्हाय व्हय गं ह्यात?"

"तूच नको म्हणालीस की."

"व्हय. येडीच हुते मी."

तेवढ्यात पडद्यावर दारात मोटार आली. हॉर्न वाजला. सोनालीचा हात सवयीनं माऊसवर गेला.

"थांब! कुटं धाडतीस त्येंना?"

"ड्युटीला, आई. गाडी आलीय."

"नगं धाडू."

"अगं, नाही गेले तर ह्यात कामावरनं काढतात."

"काढू देत."

संगप्पा हसला, पण सोजरबाईचे डोळे पडद्यावरच होते.

"एक दिस खाडा हुं दे त्येंचा," ती म्हणाली. "दिसाउजेडी ह्ये घरात बसल्यालं मी कदी बगितलंच न्हाय गं. बगू दे की मला."

हॉर्न वाजत राहिला. रावजी दाराकडं वळले, तशी सोनालीनं सोफ्यावर क्लिक केलं. ते थबकले. मोटार आणखी थोडा वेळ थांबली आणि रिकामीच निघून गेली. गैरहजेरीचा दम देणारी पाटी पडद्यावर आली, ती सोनालीनं बंद केली. रावजी सोफ्यावर येऊन बसले. पायावर पाय टाकला.

डब्यातली टकटक एकदम वाढली. पंखा घरघरला. पडद्यावरचं घड्याळ थांबलं, रावजी बसल्या जागी थिजले. संगप्पानं वाकून कान लावला, दोन-चार बटणं दाबून बघितली.

"गेली ताई. हे आता असंच अडकून ऱ्हातंय. बंद करू?"

सोनालीनं आईकडं बघितलं. सोजरबाईनं पिशवी खाली ठेवली होती आणि खुर्ची पुढं ओढून घेतली होती.

"आसू दे बाबा वाईच," ती संगप्पाला म्हणाली. "आत्ताच बसल्यात."