पोचा गेलेला कुकर

मी कुकर बोलतोय. पाच लिटरचा, अॅल्युमिनिअमचा, तोंडाशी पोचा गेलेला. शिट्टी अजून जागेवर आहे, पण वाजत नाही. असा कुकर लोक भंगारवाल्याला देऊन टाकतात. रीना मात्र मला रोज घासते, पुसते, जपून ठेवते. असं का, ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची चकती यंत्राखाली दाबून दाबून मला पोट दिलं गेलं. मार तिथंही खाल्ला, पण त्यातून मी घडलो, म्हणून त्याचा राग नाही. राग आहे तो पुढच्या माराचा.

पवनीच्या बाजारात एका दुकानात मी फळीवर बसून होतो. सत्यभामा नावाची बाई आली. मला उलटा-पालटा करून बघितलं, बोटाच्या पेरांनी वाजवून बघितलं, झाकण लावून काढून बघितलं. दुकानदाराला म्हणाली, "पोरीचं लगन आहे भाऊ. नोकरी करते ते. सकाळी वेळच नसते तिले. झटकन शिजवणारा दे." आणि रीनाच्या आंदणात मी साकोलीला आलो.

घरात माणसं तीन. रीना रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. नवरा भुपेंद्र बी-बियाण्यांच्या दुकानात. सासू रुखमिणी, जिचं अर्धं लक्ष अजून गावाकडे, एकोडीच्या धानाच्या बांध्यांत अडकलेलं. सकाळी डबे दोन भरायचे आणि सासूचं ताट झाकून ठेवायचं.

रीनाचा हात फार चपळ. माझ्या पोटात खालच्या भांड्यात डाळ, मधल्यात आलू-वांगी, वरच्यात भात. तिन्ही एकदम चढवायची आणि केस विंचरायला जायची. शिट्ट्या झाल्या की डाळीला लसणाची फोडणी, भाजीवर तिखट-मीठ, वरून चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, की झाला डबा. हिवाळ्यात वालासारख्या पोपटाच्या शेंगा आल्या की सगळं एकत्र घालून मसालेभात. तिची साडी नेसून होईतो माझं काम झालेलं असायचं. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा तेव्हा.

भिंतीपलीकडच्या ललिताबाई तर म्हणायच्या, "घड्याळ कायले पायजे मले? रीनाचा कुकर वाजला का मी चहा मांडते."

पण या घरात भात पसवून खायची सवय. गंजात, म्हणजे उघड्या पातेल्यात शिजवायचा, पेज काढायची, मग मोकळा शितं-शितं भात ताटात. रुखमिणी नाक मुरडायची, "कुकरचा भात म्हणजे भात होय का?" तिचं नाक मुरडणं मी मनावर घेतलं नाही. भुपेंद्रचं मात्र वेगळं होतं. त्याला भाताशी देणंघेणं नव्हतं. बायको रोज नीटनेटकी होऊन, पर्स लटकवून बाहेर पडते, हेच त्याच्या डोळ्यांत खुपायचं. भात नुसतं निमित्त.

एका सकाळी त्यानं भरलेला डबा उचलून भिंतीवर मारला. डाळ भिंतीवरून ओघळली. "नोकरी सोड," तो म्हणाला. "घरी राय आणि भात पसव."

"नोकरी नाही सोडत मी," रीना म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, नुसतं सांगितलं.

सासूच्या भातासाठी मी तेव्हा पुन्हा गॅसवर चढलो होतो. त्यानं माझ्याखालची आच मोठी केली. मला वाटलं, भूक लागली असेल बिचाऱ्याला. मी फुरफुरलो, शिट्टी दिली, आणि त्या शिट्टीत त्यानं तिच्या कानशिलात हाणली. ती ओट्यावर आदळली. मी थांबलो तसा तोही थांबला. मी पुन्हा वाजलो तशी त्यानं लाथ घातली. बाहेर ललिताबाईंनी माझी शिट्टी ऐकली आणि चहा मांडला.

त्यानंतर त्याला ती सवयच लागली. आधी माझी आच वाढवायची, मग हात उगारायचा. तिची किंकाळी माझ्या शिट्टीखाली दबून जायची. रुखमिणी सांबार निवडत बसलेली असायची. मान वर करायची नाही. मी तापट आहे, कबूल. पण असं कुणाच्या रागाचं झाकण व्हायला मी या घरात आलो नव्हतो.

धान निघालं. एकोडीहून नव्या तांदळाचं पोतं आलं, आणि रुखमिणीनं ते सरळ कोठीत जुन्या तांदळावर ओतलं. नवा तांदूळ पाणी कमी पितो, हे भंडाऱ्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ती सुनेला सांगायचं विसरली. रीनानं सकाळच्या घाईत कोठीतून तांदूळ काढला, नेहमीसारखं पाणी घातलं. भाताचा पार गिचगोळा झाला. तिला तो टाकवेना आणि दुसरा लावायला वेळ नव्हता. तोच डब्यात गेला.

संध्याकाळी भुपेंद्र दारातून शिरला तो डबा हातात घेऊनच. "दुकानात चार लोकायसमोर उघडलो मी हे," तो म्हणाला. "हसून राहिले सारे. ढोरायची पेज भरली का म्हणे बायकोनं."

"पाणी जास्त झालं," रीना म्हणाली. "काहून झालं, मलेच नाही समजलं."

ओट्यावर मी धुऊन पालथा घातलेला होतो. त्यानं माझी मूठ धरली आणि मला फिरवलं. पहिल्यांदा मी तिच्या भुवईवर लागलो. मऊ काही लागलं, मग हाड लागलं. तिचं रक्त माझ्या पोटावर उडालं, गरम होतं. दुसऱ्यांदा ती खाली वाकली आणि मी ओट्याच्या दगडी कडेवर आदळलो. माझं तोंड वाकलं. रुखमिणी दारात उभी होती. तिनं कोठीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी भुवईला टाके घेऊन रीना लॅबमध्ये गेली. न्हाणीत पाय घसरला म्हणून सांगितलं. माझ्यासाठी नवं रबर आणलं, पण काठच वाकलेला, रबर काय करणार? वाफ बाजूनं फुसफुसत निघून जायची. शिट्टी येईना. भात शिजायचा, उशिरा शिजायचा, आणि मुकाट शिजायचा.

भुपेंद्रला याचा पत्ताच नव्हता. बुडाला आच लावायची एवढंच त्याला माझं माहीत. एका सकाळी डब्याला उशीर झाला तसा तो स्वयंपाकघरात आला, सवयीनं गॅस मोठा केला आणि रीनाचे केस मुठीत धरले. मी तापलो, खदखदलो, फुसफुसलो. वाजलो नाही. त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. रीना ओरडली, आणि त्या ओरडण्यावर झाकण घालायला घरात काही नव्हतं.

मागचं दार धाडकन उघडलं. ललिताबाई आत, त्यांच्यामागे गल्लीतल्या आणखी बायका. ललिताबाईंनी त्याचं मनगट धरलं. "सोड तिले," त्या म्हणाल्या. मग भिंतीवरचा रक्ताचा डाग बघितला आणि खालीच बसल्या. "मी चहा पेऊन राहिली होती रे. एवढे दिवस. मले वाटे, कुकर वाजते."

"भात नाही करता येत हिले," भुपेंद्र म्हणाला. एवढंच सुचलं त्याला.

तेव्हा रुखमिणी पुढे आली. "नवा तांदूळ मीच वतला कोठीत," ती म्हणाली. "हिले सांगतलं नाही मी. भाताचा गुन्हा माहा आहे. मले मार आता, सगळ्यायसमोर मार."

त्यानं मूठ सोडली. रीनानं गॅस बंद केला, मला फडक्यात गुंडाळलं, पर्स उचलली. ललिताबाईंना घेऊन आधी पोलीस ठाण्यात गेली, तक्रार लिहून दिली, आणि तिथून उशिरा का होईना कामावर गेली.

आता आम्ही बसस्टँडमागच्या एका खोलीत राहतो. रीना माझ्यावर ताटली ठेवते, ताटलीवर वरवंटा, आणि खिचडी लावते. वेळ लागतो, म्हणून ती थोडी आधी उठते. डबा एकच असतो. नवा कुकर घ्यायचं ती अजून मनावर घेत नाही. शेजारी कुठे शिट्टीचा आवाज झाला की तिचा हात आपोआप भुवईकडे जातो, मी पाहिलंय.

माझं आता फारसं काही उरलेलं नाही. सकाळी तुमच्या भिंतीपलीकडे माझा एखादा भाऊबंद वाजेल. खुशाल चहा मांडा. पण शिट्टी संपल्यावर एक क्षण कप खाली ठेवा आणि कान द्या.