शेवग्याचा हलका डबा

मी पत्र्याचा डबा. लुदिविनाच्या गोठ्यात खुंटीला टांगलेला असतो, तिथूनच सांगतो. मूळचा मी गोड, घट्ट दुधाचा. दूध संपलं, वरचं झाकण कापलं आणि मी माप झालो. आमच्या सेबू बेटावरचा वारा सुटला की डुलता डुलता अजून माझ्या पोटात त्या दुधाची झोप दाटून येते.

लुदिविना तशी घाबरट. तान्ही लेक शिंकली तरी ही हातातलं काम टाकून धावायची. त्यात शेळीला दोन करडं झाली आणि तिचं दूध आटत चाललं.

सासूबाई आर्सेनिया म्हणाल्या, "जत्रेपर्यंत वाट बघते. नाहीतर शेळीचा रस्सा."

"आई, तिला प्रथिनं कमी पडताहेत. मी हिशोब शिकून आलेय."

"बरं बाई. शेळीलाही शिकव."

लुदिविनाने फळीवर कोळशाने चौकोन काढला. मधोमध पंधरा, शंभर भागांत तेवढी प्रथिनं हवीत. डाव्या कोपऱ्यांत मक्याचे नऊ, शेवग्याच्या सुक्या पाल्याचे सत्तावीस. तिरकी वजाबाकी केली. मका बारा, पाला सहा. म्हणजे दोनास एक. मग मला दोनदा मक्याच्या भरड्यात बुडवलं, एकदा पाल्याच्या भुकटीत.

हिशोब चोख होता, पण तो वजनाचा. खोट माझ्यात होती. मक्याने भरलो की मी दगड, पाल्याने भरलो की ढग. पण डब्याला कोण विचारतं? करडं वाळत गेली. लुदिविना रोज त्यांच्या फासळ्यांवरून बोट फिरवायची.

एका दुपारी लेक रांगत आली. मक्याने भरलेला मी तिच्याने तसूभर हललो नव्हतो. आज पाला होता. तिने मला एका हाताने उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर रिकामं केलं.

लुदिविना रागवायला धावली आणि थबकली. तिने डबाभर मका नि डबाभर पाला दोन फडक्यांत बांधून बांबूच्या टोकांना टांगले आणि बांबू आडवा होईतो पाला वाढवत गेली.

"एका डबा मक्याच्या वजनाला अडीच डबे पाला लागतो," ती पुटपुटली. "आणि मी एकच घालत होते."

त्या दिवसापासून मी दोनदा मक्यात बुडतो, अडीचदा पाल्यात.

जत्रेच्या सकाळी आर्सेनिया दोर घेऊन आल्या. करडू उचलून बघितलं. "जड झालंय की मेलं." शेळीची कास चाचपली. मग दोर खांद्यावर टाकला.

"शेळी न्यायची ना, आई?" लुदिविनाने शेळीच्या गळ्यात हात टाकला.

"दूध पाजणारीला कोण कापतं? जा, कोंबडा धर."

आता माझा तळ गंजलाय, भरडा गळतो. लुदिविना नवा डबा शोधतेय. बाई, त्याला खुंटीला टांगण्याआधी एकदा मक्याने, एकदा पाल्याने भरून हातावर तोलून बघ. तो नवा आहे, लाजेल. आपणहून काही सांगायचा नाही.